हळदीला रीच भरपूर

आमचं दुकान सांगलीत, गणपती पेठेत. हळद, मिरची, धणे, खडा मसाला आणि उन्हाळ्यात मिरची कांडप. सासऱ्यांनी सुरू केलं, यजमानांनी वाढवलं, आणि त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून गल्ल्यावर मी बसते. गिऱ्हाईक शोधायला आम्हाला कधी बाहेर पडावं लागलं नव्हतं. मार्च लागला की बायका पिशव्या घेऊन यायच्या. ब्याडगी इतकी, संकेश्वरी इतकी, हळकुंडं चांगली निवडून पाच किलो, असं वर्षाचं सामान घ्यायच्या आणि कांडप होईपर्यंत दुकानातच बसून गावभरच्या गप्पा मारायच्या.

त्या बायका आता सत्तरीच्या पुढं गेल्या. सुना हिंजवडीला नाहीतर खराडीला. तिथल्या स्वयंपाकघरात वर्षाचा मसाला ठेवायला जागा नाही, आणि हळद संपली तर फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत पाकीट दारात. आमच्याकडं येणं होतं ते दिवाळीला, नाहीतर मे महिन्यात पोरांना घेऊन आल्या तर.

'मामी, तुम्ही ऑनलाइन नाही म्हणजे तुम्ही नाहीच,' असं भाच्यानं एका जेवणात सांगून टाकलं. हा माझ्या नणंदेचा मुलगा, राहणार सातारा, शिकतोय बीबीए. वन्सं स्वतः सातारच्या घरातून भाजणी, मेतकूट आणि चटण्या विकतात, त्यामुळं त्यालाही आईच्या धंद्याची काळजी. त्यानंच आम्हा दोघींची नावं एका मोफत कार्यशाळेत घातली आणि मी पेठ नाक्यावरून हायवेची गाडी पकडून साताऱ्याला गेले.

पोवई नाक्याजवळच्या एका हॉटेलचा हॉल. समोर एक पेढेवाल्यांचा मुलगा, कासच्या रस्त्यावर होमस्टे असलेले एक गृहस्थ, वाईकडच्या स्ट्रॉबेरी जॅमवाल्या ताई, एक दातांचे डॉक्टर, आणि शेवटच्या रांगेत आम्ही नणंद-भावजय. शिकवणारे सर पुण्याचे होते, अंगात जाकीट, कानाला माइक. पहिल्या अर्ध्या तासात रीच, एंगेजमेंट, लीड, कन्व्हर्जन, रिटेन्शन हे शब्द इतक्या वेळा आले की मी वहीत नुसती एकाखाली एक यादी करत गेले. अर्थ नंतर बघू म्हटलं.

मग पडद्यावर नरसाळं आलं. वर तोंड रुंद, खाली नळी. वरून हजार लोक तुमची जाहिरात बघतात, शंभर त्यावर बोट लावतात, वीस चौकशी करतात आणि दोघं विकत घेतात, असं सर सांगत होते. वन्संना राहवलं नाही. त्या उभ्या राहून म्हणाल्या, 'अहो, आमच्या घरच्या नरसाळ्यात जेवढं तेल वरून ओततो तेवढं खाली येतं. तुमचे नऊशे अठ्ठ्याण्णव मधेच कुठं गळले?' हॉल हसला. सरही हसले आणि म्हणाले, 'ते ॲडव्हान्स कोर्समध्ये.' लगेच पडद्यावर फी आली, खोडलेला मोठा आकडा, त्याखाली आजच्या दिवसापुरता लहान आकडा आणि क्यूआर कोड. आम्ही चहा पिऊन निघालो. पण वन्संचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मधले कुठं गळतात?

पहिलं उत्तर सांगलीतच मिळालं. भाचा आला, त्यानं फोनच्या नकाशावर आमचं दुकान शोधलं. सापडलं. नावाखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद'.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. हळदीला पाणी लागलं की ती गेलीच. पोती बाहेर काढून टाकणं, भिंती वाळवणं, नवा माल भरणं यात बरेच दिवस शटर खालीच होतं. त्या काळात कुणीतरी नकाशावर दुकान बंद झाल्याचं कळवलं असणार. तशी सोय असते, कुणीही कळवू शकतं. पाणी ओसरलं, दुकान उघडलं, नकाशावर मात्र आम्ही वाहून गेलेलोच. रोज सकाळी उदबत्ती लावून आम्ही गल्ल्यावर बसत होतो आणि पुण्याहून आलेल्या माणसाला त्याचा फोन सांगत होता की इथं आता काही नाही. कुणी गिऱ्हाइकानं हे आमच्या कानावर घातलं नाही. घालणार कसं? ज्यांना ते दिसलं ते आलेच नाहीत.

ते दुरुस्त करायचं म्हणजे दुकान आमचंच आहे हे गूगलला पटवायचं. त्यासाठी व्हिडिओ लागतो, सलग, मधे न तोडलेला. आधी रस्ता आणि आजूबाजूच्या पाट्या, मग आमची पाटी, मग मी कुलपाला किल्ली लावून शटर उघडते, आत गल्ला, वजनकाटा, माल. भर सकाळी गणपती पेठेत हे करून बघा. भाचा फोन धरून उलटा चालतोय, मागून हातगाडा, हातगाडेवाला ओरडतोय, मधेच एक हमाल पाठीवर पोतं घेऊन थांबला आणि विचारतो, 'काकू, सिरियलमध्ये घेतलं काय?' त्यातून पाटीवर नाव सासऱ्यांचं, पुढं 'किराणा व भुसार', आणि भाच्यानं फोनमध्ये लिहिलेलं नाव भलतंच फॅशनेबल. दोन्ही जुळायला हवीत. मी पाटी बदलू दिली नाही, फोनमधलं नाव बदललं. काही दिवसांनी आम्ही नकाशावर पुन्हा जिवंत झालो. दुपारच्या सुट्टीची वेळ टाकली, हळकुंडांचे आणि कांडपाचे फोटो टाकले. या सगळ्याला पैसा लागला नाही. वन्संचं दुकान नाही, घर आहे. त्यांना घराचा पत्ता झाकून फक्त कुठल्या भागात माल पोचवतात तेवढं दाखवता आलं. घरून खाण्याचं विकायचं तर अन्न परवान्याची नोंदणी आणि पाकिटावर तो १४ आकडी नंबर लागतोच. ते काम त्यांनी आधीच उरकलं होतं.

खरी करमणूक रील्सची. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केले, हे मला आता पाठ आहे, कारण भाच्याच्या प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात तिथून होते. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, नाहीतर अंगठा पुढं सरकतो. म्हणून त्यानं चक्कीच्या तोंडातून पडणाऱ्या पिवळ्याधमक हळदीवर फोन धरला, वेग कमी केला, खाली ढोल-ताशा लावला. दिसत होतं मात्र झकास. एका ओळखीच्या एजन्सीला थोडे पैसे देऊन ते 'बूस्ट' केलं. आठवड्यानं त्यांचा रंगीत अहवाल आला. रीच भरपूर, हृदयं भरपूर, बाण सगळे वर जाणारे. खाली प्रतिक्रिया वाचायला लागले तर बहुतेक हिंदीत, कुणी बिहारचं, कुणी राजस्थानचं, एकानं विचारलेलं की मशीन कितीला मिळेल. मागणी एकही नाही. सांगलीची जाहिरात अख्ख्या देशाला दाखवली होती. शहर, अमुक किलोमीटरचा घेर असं निवडायची सोय असताना एजन्सीनं ती वापरलीच नव्हती. विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, ब्रँड अवेअरनेस झाला.' एक किलोसुद्धा हळद न विकता जे होतं त्याला ब्रँड अवेअरनेस म्हणत असावेत.

त्याच लोकांनी पुढचा सल्ला दिला: 'हळदीनं कॅन्सर बरा होतो असं लिहा, धावेल.' धावेल, आणि आमच्या मागं पोलीसही धावतील. असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा या देशात १९५४ पासून आहे, आणि खाण्याच्या पदार्थांच्या दाव्यांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. यजमान कमी बोलतात, पण त्या दिवशी बोलले: 'हळद ही हळद म्हणून विकायची. औषध म्हणून विकायची असेल तर मी घरी बसतो.' पाकिटावर जीआयचा शिक्का छापायची भाच्याची हौसही तिथंच थांबली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, बेदाण्याला त्याच्या आधी २०१६ साली. पण ते नाव-चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. सांगलीत दुकान आहे म्हणून ते आपोआप मिळत नाही.

मग एक इन्फ्लुएन्सर आला. साताऱ्याकडचा, खाण्याचे व्हिडिओ करणारा, वागायला गोड मुलगा. मालाचा खोका आणि वर मानधन मागत होता. मी म्हटलं, 'देते, पण ही जाहिरात आहे असं व्हिडिओवर लिहायचं.' जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये तसा नियम केलाय, हे भाच्याकडूनच कळलेलं. तो म्हणाला, 'काकू, तसं लिहिलं की लोक बघत नाहीत.' मग लोकांना फसवूनच दाखवायचं म्हणजे. खोका आमच्याकडंच राहिला.

आणखी एकजण दुकानात येऊन एक लाख मोबाइल नंबरांची फाइल विकत देत होता, 'पूर्ण सांगली-मिरज-कुपवाड.' माझा स्वतःचा नंबर त्यात आहे का म्हणून बघायला सांगितलं. होता. २०२३ साली संसदेनं माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरण्याविरुद्ध कायदा केलाय एवढं त्याला ऐकवलं, तर म्हणाला, 'सगळेच घेतात.'

या सगळ्यात मला पुन्हापुन्हा माहेर आठवत होतं. माहेर पलूसकडचं, वडील किर्लोस्करवाडीला कारखान्यात. कार्यशाळेत सरांनी सांगितलं होतं की गिऱ्हाइकाला उपयोगी माहिती देत राहायची आणि त्यातून त्याला धरून ठेवायचं, हा सध्याचा मोठा ट्रेंड आहे. त्याची सुरुवात म्हणे अमेरिकेत झाली, नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीनं १८९५ साली 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांसाठीचं मासिक काढलं तेव्हा. सर जिथं उभे राहून हे सांगत होते तिथून शंभर किलोमीटरच्या आत आमची वाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर ती वसवली. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. त्यांचाही धंदा नांगराचाच. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. नुसतं 'आमचा नांगर घ्या' ओरडून ती जाणार नव्हती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणारं एक लहानसं पत्र. त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. आई 'स्त्री'चे अंक ट्रंकेत साड्यांखाली ठेवायची. नांगराच्या जाहिरातीपासून निघालेली वाट तिच्या ट्रंकेपर्यंत आली होती, आणि सरांना ठाऊक होती ती अमेरिकेची.

मी भाच्याला म्हटलं, ढोल-ताशा पुरे. गिऱ्हाईक गल्ल्यावर मला जे विचारतं ते दाखवू. हळकुंड मोडून दाखवलं. चांगलं वाळलेलं कट्ट आवाज करून तुटतं आणि आत गडद नारिंगी निघतं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन चमचा-चमचा हळद सोडली. शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी भडक होतं. ही घरगुती तपासणी अन्न सुरक्षा प्राधिकरणानंच सांगितलेली आहे. नवी हळद बाजारात फेब्रुवारीपासून का येते, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेलं पीक नऊ महिन्यांनी निघतं, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, हे बोलले. हरिपूरच्या पेवांबद्दल बोलले, जमिनीखालच्या त्या कोठारांत वर्षानुवर्षं हळद कशी टिकायची आणि २००५ च्या पुरात कित्येक पेवं कशी गेली. बोलताना पदर नीट करायचं राहून गेलं, ते तसंच ठेवलं. या व्हिडिओंना पहिल्याच्या तुलनेत नगण्य माणसं मिळाली. पण प्रतिक्रिया मराठीत आल्या. कोथरूडच्या एका बाईंनी लिहिलं, 'तुमच्याकडं माझी आई यायची, मी पायरीवर बसायचे.' खाली त्यांनी पत्ता विचारला होता.

तिथून मला आमच्या वहीची आठवण झाली. वर्षाचं सामान नेणाऱ्यांची लाल कापडी बांधणीची वही, नाव, गाव, काय नेलं, उधारी असेल तर ती, आणि गेल्या काही वर्षांत मोबाइल नंबर. विकायला आलेल्या एक लाख नंबरांपेक्षा ही बरी. हे लोक आम्हाला ओळखतात.

व्हॉट्सॲपचं धंद्याचं ॲप २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते, ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरं ठेवता येतात. 'ब्रॉडकास्ट' म्हणून एक सोय आहे, एका यादीत २५६ नंबर. पण त्यात एक मेख आहे. समोरच्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलेला असेल तरच तो निरोप पोचतो. भाच्याला ही अडचण वाटली. मला ती फार न्याय्य वाटली. ज्याला आम्ही हवेत तोच आम्हाला ठेवील. मग दुपारच्या सुट्टीत मी वही घेऊन फोन लावत बसायची. 'मी गणपती पेठेतून बोलते, हळदीच्या दुकानातून. वर्षातनं चार-दोन निरोप पाठवीन, चालेल का?' कुणी म्हणालं आई गेली, आता नंबर काढून टाका. काढला, आणि थोडं बोलणंही झालं. कुणी म्हणालं नको. बहुतेकांनी विचारलं, 'पार्सल करता का हो?'

आणि गळतीचं पुढचं भोक सापडलं: पार्सल. पैसे माल मिळाल्यावर, असं कबूल केलं की अनोळखी माणूस मागवतो, दारात आल्यावर 'नको' म्हणतो, आणि जाण्या-येण्याचं भाडं आमच्या डोक्यावर बसून हळद परत येते. नकाशावरून आलेल्या नव्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही पैसे आधी, यूपीआयनं, असं ठरवलं. त्यानं काही जण गेले, जाऊ देत. वहीतल्यांना मात्र नंतर दिले तरी चालतील असं सांगितलं, आणि वहीतल्या कुणीही अजून बुडवलेले नाहीत. तिखटाचं पाकीट प्रवासात फुटून बाकीच्या टपालाला लागलं तर काय होतं हे एकदा पोस्टातल्या काकांनी मला तपशिलात ऐकवलं. तेव्हापासून दुहेरी पिशवी आणि वर टेप.

वन्संचं गणित वेगळं निघालं. त्यांना फेब्रुवारी-मार्चचा हंगाम नाही. त्यांचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, पोरं शिकायला अमेरिका-जर्मनीला निघतात तेव्हाचा. एका आईनं मेतकूट-चटण्यांची पाकिटं नेली, तिनं दुसरीला नंबर दिला. वन्संनी मग 'बॅगेत बसतील अशी' लहान, हवाबंद पाकिटं सुरू केली. त्या पोरांनाच पुढं पार्सलं जातात का विचारलं, तर म्हणाल्या, 'नाही, पण सुट्टीला आली की पहिला फोन मला करतात.' त्यांनी त्या सरांचा कोर्स शेवटी केला, माझ्या नाकावर टिच्चून. नरसाळ्याचं उत्तर मिळालं का म्हटलं, तर म्हणाल्या, 'तो भाग पुढच्या लेव्हलला आहे.'

भाच्याचं आता नवीन सुरू झालंय, लोक दुकान शोधत नाहीत, एआयला विचारतात. मी विचारून बघितलं. सांगलीच्या हळदीबद्दल त्यानं मला शाळेतल्या पोरासारखं घडाघडा म्हणून दाखवलं, आमचं नाव कुठं नव्हतं. ते इंटरनेटवर लिहिलेलंच वाचतं, आणि आमच्याबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही. पाच तारे देणारे बरेच आहेत, शब्द नाहीत.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. गावच्या दुकानातून काही आणलंत आणि ते चांगलं निघालं, तर नुसते तारे देऊन सोडू नका. काय घेतलं, कसं निघालं, दुकान कुठल्या गल्लीत आणि किती वाजता उघडं असतं, हे दोन ओळींत मराठीत लिहा. वाईट निघालं तर तेही लिहा. आणि नकाशावर एखादं दुकान 'कायमचे बंद' दिसलं, तर माघारी फिरण्याआधी एकदा फोन लावून बघा.